लघवीच्या तपासणीचा कागद वाचू या



"लघवीत पू झालाय." एवढे तीन शब्द कानावर पडले की घरात चूल थंड होते. पू म्हणजे गळू, गळू म्हणजे सडणे, म्हणजे आता किडनी गेली, असा हिशेब बायका मनातल्या मनात करून मोकळ्या होतात. महाड आणि पोलादपूरच्या वस्त्यांतून, वाड्यांवरून फिरताना आम्ही हे वाक्य किती वेळा ऐकले, त्याची मोजदाद नाही. कागद हातात घेऊन पाहावा तर त्यावर लिहिलेले असते, "पस सेल्स ८ ते १०". कुणीतरी त्याचे अर्धे भाषांतर करून सांगितले आणि उरलेले अर्धे सांगायला कुणी थांबले नाही.

या अर्ध्या भाषांतराची किंमत आपल्या घरांना मोजावी लागते. कुणी घाबरून कर्ज काढते आणि सलाइनच्या बाटल्या लावून घेते. कुणी उलट "उन्हाळी लागली असेल" म्हणून पंधरा दिवस काढते आणि थंडी वाजून ताप आल्यावर दवाखाना गाठते. दोघींच्याही हातात कागद असतो, पण तो वाचता येत नसतो. म्हणून या अंकात आम्ही औषधे सांगणार नाही. औषध डॉक्टरच देतील. आम्ही शब्द सांगणार आहोत.

आपला शब्द आणि त्यांचा शब्द

आपल्याकडे लघवीला आग होणे, थेंब थेंब होणे, पुन्हा पुन्हा जावेसे वाटणे या सगळ्याला एकच नाव आहे, उन्हाळी. एप्रिल-मे महिन्यांत पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर पाणी मिळत नाही, हंडाभर पाण्यासाठी उन्हात पायपीट होते, आणि आणलेले पाणी आधी घरातल्या सगळ्यांना देऊन बाई स्वतः शेवटी घोटभर पिते. अशा वेळी लघवी घट्ट, पिवळी होते आणि जळजळते. भरपूर पाणी, ताक, कोकम सरबत पोटात गेले की दिवसभरात उतार पडतो. ही उन्हाळी खरी.

पण लावणीच्या दिवसांत, धो धो पावसातही "उन्हाळी लागली" असे आपण म्हणतो. तिथे हा शब्द फसवतो. मूत्रमार्गात जंतू शिरून वाढले तरीही आग तशीच होते. या जंतुसंसर्गाला डॉक्टर यूटीआय म्हणतात, म्हणजे युरिनरी ट्रॅक्ट इन्फेक्शन. पाणी पिऊन त्रास थोडा हलका होतो, पण जंतू गेले असे धरून चालता येत नाही. एका दिवसात आग थांबली नाही, लघवी गढूळ झाली, घाण वास मारू लागली किंवा ओटीपोट दुखू लागले, तर ती उन्हाळी समजू नये. तपासणी करावी.

डॉक्टरांचे लांबलचक शब्द ओळखायला दोन युक्त्या पुरतात. पहिली, ज्या शब्दाच्या शेवटी "आयटिस" येते तिथे दाह किंवा सूज आहे असे समजावे. टॉन्सिलायटिस आपल्याला माहीत आहे. तसेच सिस्टायटिस म्हणजे मूत्राशयाचा, लघवीच्या पिशवीचा दाह. युरेथ्रायटिस म्हणजे पिशवीतून बाहेर येणाऱ्या नळीचा दाह. पायलोनेफ्रायटिस म्हणजे संसर्ग वर चढून मूत्रपिंडापर्यंत, किडनीपर्यंत पोचला. हा तिसरा शब्द गंभीर आहे, तो लक्षात ठेवावा.

दुसरी युक्ती "युरिया"ची. शेतात टाकतो तो युरिया इथे नाही. शब्दाच्या शेवटी "युरिया" आले की गोष्ट लघवीची आहे. डिसयुरिया म्हणजे लघवी करताना आग किंवा दुखणे. हेमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त. पायुरिया म्हणजे लघवीत पस सेल्स. बॅक्टेरियुरिया म्हणजे लघवीत जंतू.

लाज कसली?

बाईच्या शरीरात मूत्राशयातून बाहेर येणारी नळी साधारण ४ सेंटिमीटर असते, पुरुषाची साधारण २० सेंटिमीटर. शिवाय बाईच्या या नळीचे तोंड शौचाच्या जागेजवळ आहे. आतड्यातले जंतू तिथून थोडेसे अंतर चालले की मूत्राशयात पोचतात. बायकांना यूटीआय जास्त होतो तो या रचनेमुळे. चारित्र्याचा इथे काही संबंध नाही.

हे स्पष्ट सांगण्याचे कारण आहे. नव्याने लग्न झालेल्या मुलींना हा त्रास पुष्कळदा होतो, कारण संबंधाच्या वेळी जंतू नळीत ढकलले जातात. घरात लगेच कुजबुज सुरू होते, "गुप्तरोग तर नाही?" यूटीआय हा गुप्तरोग नव्हे. गुप्तरोगाचे जंतू वेगळे आणि तपासण्याही वेगळ्या. अंगावरून पांढरे जाणे हेही वेगळे दुखणे आहे. त्याचा मार्ग वेगळा, उपचार वेगळा. तिन्ही गोष्टी एकाच पदराखाली झाकल्या, तर एकीचाही इलाज धड होत नाही. संबंधानंतर लघवी करून यावे, शौचानंतर पुढून मागे धुवावे, आत साबण किंवा डेटॉल लावू नये, एवढे मुलीला आईने किंवा सासूने सांगितले तर पुष्कळ त्रास वाचतो.

शरीराच्या मलमूत्राची लाज आपल्याला कुणी शिकवली, याचाही विचार करावा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी इथेच, महाडला, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे पंचगव्याने "शुद्ध" करून घेतले. पंचगव्यात गाईचे शेण असते, मूत्र असते. जनावराच्या मूत्राने शुद्ध होते आणि माणसाच्या स्पर्शाने बाटते, ही ज्यांची विद्या, त्यांच्याकडून आपण शरीराची लाज कशाला उसनी घ्यावी? आजही कुणी यूटीआयवर गोमूत्राचा अर्क सुचवतो. त्याने हा संसर्ग बरा होत नाही. भगवान बुद्धांची गोष्ट आपल्या विहारात सांगितली जाते. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि कुणी त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हाताने धुतले आणि रुग्णसेवा ही आपलीच सेवा आहे असे संघाला सांगितले. आपली परंपरा ही आहे. तेव्हा डॉक्टरांसमोर, नर्ससमोर "लघवीला आग होते" हे वाक्य मान वर करून बोलावे.

नमुना कसा द्यावा

कागद वाचण्याआधी कागद खरा यायला हवा. वाडीवरून येताना घरातली शाम्पूची किंवा औषधाची रिकामी बाटली धुऊन त्यात लघवी आणली, तर बाटलीतलीच घाण तपासली जाते. डबी दवाखान्यातूनच मागून घ्यावी. हात धुवावे, जागा साध्या पाण्याने धुवावी. पहिली धार सोडून द्यावी, मधली धार डबीत घ्यावी, शेवटची सोडावी. याला मिडस्ट्रीम सॅम्पल म्हणतात. डबीच्या आत बोट लावू नये. पाळी चालू असेल तर तसे सांगावे.

नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावा. जंतूंना पोषक परिस्थिती मिळाली तर ई. कोलाय हा जंतू वीस-वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. पहाटे घरी भरलेली डबी एसटीने दुपारी तालुक्याला आली, तर कागदावर नसलेला आजार दिसेल. म्हणून दवाखान्यात येऊनच नमुना द्यावा.

साधी तपासणी: युरिन रूटीन

कागद इंग्रजी अक्षरांत असतो. शाळेत जाणाऱ्या मुलीला मोठ्याने वाचायला बसवा आणि हा अंक शेजारी ठेवा.

पस सेल्स: या आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आहेत, शरीराचे सैनिक. त्या दिसल्या म्हणजे किडनी सडली असे मुळीच नाही. कुठेतरी लढाई चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. समोर "एचपीएफ" लिहिलेले असते. म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका नजरेत दिसणाऱ्या वर्तुळात किती पेशी मोजल्या. ० ते ५ पर्यंत सहसा ठीक मानतात. जास्त असतील आणि त्रासही असेल, तर संसर्गाची शक्यता मोठी. पेशी जास्त आहेत पण त्रास काहीच नाही, तर केवळ आकडा पाहून औषध सुरू करू नये. मूतखड्यानेही त्या वाढतात आणि अंगावरचे पांढरे नमुन्यात मिसळले तरी वाढलेल्या दिसतात.

एपिथेलियल सेल्स: ही कातडीची गळालेली साल. यांचा आकडा मोठा असेल तर नमुना नीट घेतला गेला नाही, असे समजून पुन्हा द्यावा.

आरबीसी: रक्ताच्या लाल पेशी. पाळी, संसर्ग, मूतखडा अशी कारणे असतात. पण उतारवयात काहीही न दुखता लघवीतून रक्त गेले, तर एकदाच गेले म्हणून सोडून देऊ नये. पिशवीची तपासणी झालीच पाहिजे. तंबाखू, बिडी ओढणाऱ्यांनी तर विशेष लक्ष द्यावे.

नायट्राइट आणि ल्युकोसाइट एस्टरेज: पट्टी बुडवून केलेली तपासणी. नायट्राइट पॉझिटिव्ह म्हणजे जंतू असण्याची दाट शक्यता. निगेटिव्ह आले म्हणून जंतू नाहीतच, असे मात्र नाही.

अल्ब्युमिन किंवा प्रोटीन: "ट्रेस" म्हणजे किंचित. एक, दोन, तीन अधिक चिन्हे म्हणजे वाढते प्रमाण. पुन्हा पुन्हा अल्ब्युमिन येत असेल तर मूत्रपिंड आणि रक्तदाब तपासावा लागतो.

शुगर: लघवीत साखर दिसली तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेहात यूटीआय वारंवार होतो आणि चिघळतोही लवकर.

"निल" किंवा "अ‍ॅबसेंट" म्हणजे ती गोष्ट सापडली नाही. पुष्कळ ओळींपुढे हे शब्द असणे चांगलेच.

जंतूंची तपासणी: कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी

त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, ताप असेल, बाई गरोदर असेल किंवा रुग्ण पुरुष अथवा लहान मूल असेल, तर डॉक्टर कल्चर सांगतात. यात लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहतात. त्यामुळे कागद यायला दोन-तीन दिवस लागतात. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी हा नमुना द्यावा, नाहीतर जंतू अर्धमेले होऊन वाढत नाहीत.

"नो ग्रोथ" म्हणजे जंतू वाढले नाहीत. "मिक्स्ड ग्रोथ" म्हणजे बरेच जंतू एकत्र, बहुधा नमुन्यात घाण मिसळली. एकाच जंतूचे नाव लिहिले असेल तर ते बहुतेक वेळा "ई. कोलाय" असते. थिओडोर एशेरिक या डॉक्टरांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या शौचात हा जंतू दाखवून दिला. तो सगळ्यांच्याच आतड्यात राहतो आणि तिथे राहतो तोवर सहसा त्रास देत नाही. जंतूच्या पुढे १० आणि त्याच्या डोक्यावर बारीक ५ असा आकडा असतो. त्याचा अर्थ एक मिलिलिटर लघवीत एक लाख जंतू. त्रास असलेल्या बाईत याहून कमी जंतूही संसर्ग ठरू शकतात, म्हणून निर्णय डॉक्टरांचा.

खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर, एस, आय किंवा आर. इथे मोठा घोटाळा होतो. "सेन्सिटिव्ह" वाचून पुष्कळांना वाटते की या औषधाची आपल्याला अ‍ॅलर्जी आहे. अर्थ नेमका उलटा आहे. हा शब्द जंतूबद्दल आहे. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, या औषधाने जंतू मरतो. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू या औषधाला जुमानत नाही. आय म्हणजे मधले, डोस आणि जागा पाहून डॉक्टर ठरवतील. "ईएसबीएल" लिहिले असेल तर हा जंतू बऱ्याच नेहमीच्या औषधांना दाद देत नाही.

जंतू असे निर्ढावतात कसे? अर्धवट औषधाने. पेनिसिलिन शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारतानाच्या व्याख्यानात हा इशारा देऊन ठेवला होता. शेजारणीच्या उरलेल्या दोन गोळ्या, मेडिकलवाल्याने दिलेल्या तीन गोळ्या, आग थांबली म्हणून सोडलेले औषध, या सगळ्यातून आपण जंतूला तालीम देतो. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेषा असेल तर ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, ही खूण अडाणी माणसालाही ओळखता येते. लघवीची आग कमी करणारे पातळ गोड औषध वेगळे. त्याने आराम पडतो, जंतू मरत नाहीत.

चिठ्ठीवरची अक्षरे

ओडी म्हणजे दिवसातून एकदा. बीडी म्हणजे दोनदा. टीडीएस किंवा टीआयडी म्हणजे तीनदा. एचएस म्हणजे रात्री झोपताना. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. पीसी म्हणजे जेवणानंतर, एसी म्हणजे जेवणाआधी. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. अँटिबायोटिकपुढे कधीही एसओएस समजू नये. जितके दिवस लिहिले तितके दिवस पूर्ण घ्यावे. काही औषधांनी, उदाहरणार्थ नायट्रोफ्युरँटॉइनने, लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते. तेवढ्याने घाबरून औषध सोडू नये.

गरोदर भगिनींसाठी

गरोदरपणात एक शब्द मुद्दाम शोधावा, "असिम्प्टोमॅटिक बॅक्टेरियुरिया". म्हणजे त्रास काहीच नाही, पण लघवीत जंतू आहेत. एरवी त्याला औषध लागत नाही. पण पोटात बाळ असताना लागते, कारण हे जंतू मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका वाढतो आणि बाळ दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचे जन्मू शकते. "मला काही होत नाही, मग तपासणी कशाला?" असे म्हणून लघवीची तपासणी टाळू नये. अल्ब्युमिन वाढलेले, अंगावर सूज, डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, ही लक्षणे एकत्र आली तर तो रक्तदाबाचा धोका असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी कामकरी बाईच्या गरोदरपणाची जबाबदारी सरकारवर आणि मालकावर टाकली होती. ती तपासणी आपला हक्क आहे.

कधी थांबायचे नाही

थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणे आणि उलट्या, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची खूण. लघवी अडणे किंवा फार कमी होणे, म्हाताऱ्या माणसाने अचानक असंबद्ध बोलणे, तान्ह्या बाळाला कारण न सापडणारा ताप, यांतही सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. चिखलात लावणी केल्यावर किंवा पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल आणि लघवी पिवळीजर्द झाली, तर तो लेप्टो असू शकतो. २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले होते. अशा वेळी "उन्हाळी" म्हणून घरी बसणे जिवावर बेतते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आपला कागद मागून घ्यावा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. जुने कागद एका पिशवीत, तारखेप्रमाणे ठेवावे. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा यूटीआय झाला, तर त्याला "रिकरंट" म्हणतात आणि पुढची तपासणी लागते. हे डॉक्टरांना तुमची पिशवीच सांगेल.

पाणी प्यायचे, म्हणून संडास मागायचा

शब्द कळले तरी एक प्रश्न कागदावर कधीच लिहिलेला नसतो. एमआयडीसीतल्या पाळीत, बाजारात, एसटीच्या लांब प्रवासात आपल्या बायका मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. आणि आलेली लघवी तास तास दाबून ठेवतात. साचलेल्या लघवीत जंतूंना वाढायला सवड मिळते. दर वर्षी २० मार्चला लांबलांबून चवदार तळ्यावर येणाऱ्या कितीतरी भगिनी वाटेत पाण्याची बाटली उघडत नाहीत. ज्या तळ्यावर पाण्याचा हक्क मिळवला, तिथे बाईने तहानलेल्या घशाने अभिवादन करावे, हे आपल्याला चालता कामा नये.

म्हणून प्रत्येक वस्तीत महिला मंडळाने दोन कामे हाती घ्यावीत, ही आमची विनंती. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते, तेव्हा एक दिवस हा अंक आणि घरातले तपासणीचे कागद घेऊन बसावे आणि शिकलेल्या मुलींनी ते वाचून दाखवावे. कुणाचा कागद सगळ्यांसमोर वाचायचा नसेल तर बाजूला बसून वाचावा. दुसरे, ग्रामसभेत आणि नगरपालिकेत लेखी अर्ज द्यावा. बाजारात, एसटी स्थानकावर, कामाच्या जागी बायकांसाठी पाणी असलेला, कडी लागणारा, दिवा असलेला संडास हवा. अर्जाची पोच घेऊन तीही त्याच पिशवीत ठेवावी.

जयभीम!